शशीताईंनी तक्रार मागे घेतली नव्हती

शशीताई वैरागडे गेल्या हे मला मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलं. फेब्रुवारीतली सकाळ होती, मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा होतो. त्यांच्या मुलाचा, निखिलचा, दोन ओळींचा निरोप. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मग आमच्याच कॉलनीतल्या कोणीतरी लिहिलं, "ग्रेट लेडी. शाळेशी भांडल्या, पण शेवटी समंजसपणे तक्रार मागे घेतली. मोठं मन!" त्यावर भराभर अंगठे आले, बदाम आले. मी चहा सिंकमध्ये ओतून टाकला... शशीताईंनी तक्रार मागे घेतली नव्हती. एकदाही नाही, अर्धीमुर्धीही नाही. मागे घेतली असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं, आणि लिहिताना ते खोटं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. आता ते खोटं त्यांची स्तुती म्हणून फिरतंय. म्हणून वयाच्या शहात्तराव्या वर्षी हे लिहायला बसलो आहे.

शशीताई मूळच्या नागपूरच्या. महापालिकेच्या शाळेत तीस-एक वर्षं शिकवलं, यजमान गेल्यावर मुलाकडे अमेरिकेत मॉरिसव्हिलला आल्या. माझ्या बायकोची, सुनंदाची, आणि त्यांची गाठ भाजीच्या दुकानात पडली. मेथीची जुडी उलटीपालटी करत त्या दुकानदाराला मराठीतच म्हणाल्या, "हे काय विकून राहिले जी? ही तर माझ्या आधी निवृत्त झालेली दिसते." सुनंदा हसली आणि त्यांना घरी घेऊन आली. त्या दिवसापासून मी त्यांचा 'भाऊ' झालो. घरात बसणं त्यांना जमायचं नाही. महिन्याभरात त्यांनी जवळच्या शाळेत मुलांच्या जेवणाच्या वेळी मदत करायचं काम मिळवलं. बिनपगारी. डबे उघडून द्यायचे, सांडलेलं पुसायचं. गोरी, काळी, आपली, मेक्सिकोची, सगळी पोरं त्यांना 'मिस शशी' म्हणायची आणि त्या सगळ्यांना 'बाळा' म्हणायच्या.

त्या शाळेबद्दल थोडं सांगायला हवं. ती चार्टर शाळा आहे, म्हणजे खर्च सरकारचा पण कारभार सरकारचा नाही. सुरुवातीला इथल्याच पालकांनी ती उभी केली. पहिल्या वर्षी पुस्तकांची कपाटं मी स्वतः ड्रिल घेऊन भिंतींना ठोकली आहेत. पुढे शाळा वाढली, पालक दमले आणि कारभार दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेच्या हाती गेला. त्या संस्थेच्या अशा कितीतरी शाळा आहेत. सगळीकडे एकच गणवेश, एकच नियमांची वही. नावाला एक स्थानिक संचालक मंडळ राहिलं, तेही निवडलेलं नाही, नेमलेलं. त्यात 'समाजाचा प्रतिनिधी' म्हणून मला घेतलं आणि चिटणीस केलं. मला गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं. ते काढायचं विसरून मी तसाच दुकानात, देवळात जायचो... खरं लिहायचं तर विसरायचो नाही.

मग नवे नियम आले. वर्गातून वर्गात जाताना जमिनीवरच्या निळ्या पट्टीवरून, हात पाठीमागे बांधून जायचं. जेवताना टेबलावर लाल पेला ठेवला की अवाक्षर काढायचं नाही, हिरवा ठेवला की कुजबुजलं तर चालेल. हिरवा पेला मी स्वतः फारसा पाहिला नाही. शशीताई आमच्याकडे आल्या की चपला काढण्याआधीच सुरू व्हायच्या. "अहो भाऊ, आपल्याकडे दहाव्याच्या पंगतीतही माणसं याच्यापेक्षा जास्त बोलतात न जी! तुम्ही काय शाळा चालवून राहिले का मसणवट?" मी समजुतीचा सूर काढायचो. शिस्त आहे, गुण वाढतात, पालकांनाच हवं असतं. त्या माझ्याकडे बघायच्या. गृहपाठ केला नाही म्हणून थापा मारणाऱ्या पोराकडे बघावं तसं.

एका दुपारी कागदी रुमाल संपले म्हणून त्या सवयीनं जुन्या सामानाच्या खोलीकडे गेल्या. ती खोली आता सामानाची राहिली नव्हती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दारावर 'रिसेट रूम' अशी हसऱ्या अक्षरांतली पाटी होती. आत खिडकी नाही. भिंतीकडे तोंड केलेली एक खुर्ची, आणि खुर्चीवर दुसरीतली एक मुलगी. लाल पेल्याच्या वेळी बोलली म्हणून आदल्या दिवशीची शिक्षा आज पुरी करत होती, सकाळपासून. तिचे कपडे ओले झाले होते. बाथरूमला जायचं तर हात वर करायचा, असा नियम होता. "हात वर केला होता म्हणे तिनं," शशीताई आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून सांगत होत्या, आणि त्यांचा स्वतःचा हात वर गेलेला होता, तो खाली घ्यायचंही भान नव्हतं. "भिंतीकडे तोंड करून लेकरू हात वर करून बसलं भाऊ. बघायला होतं कोण तिथं?" त्यांनी त्या मुलीला पुसलं, स्वतःचा स्वेटर तिच्या कमरेला बांधला आणि तिला हाताला धरून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं. त्याच संध्याकाळी हातानं तक्रार लिहून शाळेला आणि राज्याच्या शिक्षण कार्यालयाला पाठवली. शुद्ध, गोल अक्षर, एक खाडाखोड नाही. चार दिवसांत त्यांना शाळेतून कळवण्यात आलं की स्वयंसेवकांची कागदपत्रं नव्यानं तपासायची आहेत, तोवर येऊ नये. ती तपासणी कधीच संपली नाही.

त्या गप्प बसल्या असत्या तर संस्थेचा अंदाज बरोबर ठरला असता. पण त्यांनी निखिलच्या मुलाचा क्लिपबोर्ड घेतला आणि दुपारी कारलाइनमध्ये जायला सुरुवात केली. शाळा सुटताना पालकांच्या गाड्या रस्त्याकडेला एकामागे एक लागतात, अर्धा-पाऊण तास हलत नाहीत. त्या रांगेला आम्ही कारलाइन म्हणतो. पांढरी साडी, वर मुलाचं जुनं विंडचीटर, पायात स्पोर्ट्स शूज, अशा शशीताई एकेका गाडीच्या काचेवर टिचकी मारायच्या. मागणी साधी होती. ती खोली बंद करा आणि जेवताना मुलांना बोलू द्या. लोरेटा नावाच्या एका कृष्णवर्णीय आजीनं पहिली सही केली आणि ती त्यांच्याबरोबर चालायलाच लागली. मेक्सिकन बापांनी सह्या केल्या. सर्वांत कमी सह्या आपल्या लोकांच्या, हेही इथं लिहून ठेवतो. आपल्या गाड्यांच्या काचा त्या दिसल्या की वर जायच्या. अमेय नावाचा पुण्याचा एक मुलगा, चांगल्या नोकरीतला, त्यानं निदान काच दोन बोटं खाली ठेवली. "काकू, मनापासून सपोर्ट आहे. पण सही नको यार. ग्रीन कार्ड पेंडिंग आहे, उगाच कुठे नाव नको यायला." शशीताई म्हणाल्या, "मन कुठं चिकटवू रे बाळा या कागदावर? गोंद दे."

अमेयला मी दोष देत नाही. त्याच्या मनात ती भीती घालणाऱ्यांत मीही होतो. मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी चार तरुण जोडप्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आपण इथं पाहुणे, शाळेशी वाकडं कशाला घ्या, मी आहे ना आत, मी बघतो. मी काका. काकांनी सांगितलं म्हणजे संपलं. माझ्याकडे इथलं नागरिकत्व कैक वर्षांचं. मला कसली भीती होती? ओळखपत्र जाण्याची.

शाळेच्या संचालक मंडळाच्या सभेत लोकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं मिळतात. एक मिनिट राहिलं की पिवळं कार्ड, वेळ संपली की लाल. ती कार्डं दाखवायचं काम माझं. शशीताई उभ्या राहिल्या, कागद न बघता इंग्रजीत बोलल्या. शिक्षिकेचं इंग्रजी, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. खोलीचं वर्णन झालं, खुर्चीचं झालं, मुलीच्या हातापर्यंत आल्या आणि घड्याळ संपलं. मी लाल कार्ड वर धरलं. त्या माझ्याकडे वळून सगळ्या सभेसमोर मराठीत म्हणाल्या, "थांबा जी भाऊ, पोरगी अजून खोलीतच आहे." मी इंग्रजीत म्हणालो, "वेळ संपली, मॅडम." दोन वर्षं ज्यांच्या हातच्या रश्श्यावरची झणझणीत तर्री खाल्ली त्यांना मी मॅडम म्हणालो. माइक बंद झाला. त्या तशाच बोलत राहिल्या, पण मागच्या रांगांना ऐकू गेलं नाही.

नंतर संस्थेचा विभागीय संचालक, ग्रेग, माझ्याजवळ आला. राज्याच्या शिक्षण कार्यालयाकडून विचारणा आली होती. तो फार गोड बोलतो. म्हणाला, तुम्ही त्यांच्या समाजाचे, ज्येष्ठ आहात, तुमचं ऐकतील. त्यांनी तक्रार मागे घेतली तर सर्वांचंच भलं. मी दुसऱ्या दिवशी शशीताईंकडे गेलो. त्यांनी पोहे केले, वर भरपूर शेव घातली, माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोहे खा भाऊ. तक्रार तिथंच राहील." एवढंच. पण मी ग्रेगला जाऊन हे सांगू शकलो नाही. माझ्या शब्दाला माझ्याच समाजात वजन नाही, हे त्या माणसापुढे कबूल करायची मला लाज वाटली. मी म्हणालो, बोलणं झालं, आता काही अडचण नाही. तो म्हणाला, म्हणजे मागे घेतली? मी मान हलवली. आणि चिटणीस म्हणून सभेच्या इतिवृत्तात माझ्या हातानं लिहिलं: तक्रारदाराशी चर्चा झाली, त्यांनी तक्रार मागे घेतली. त्याच ओळीच्या आधारावर राज्याच्या कार्यालयानं चौकशीची फाइल बंद केली. खोली चालूच राहिली. ती मुलगी आणि तिची आई गाव सोडून गेली, कुठं गेली ते मला माहीत नाही.

इतिवृत्त शाळेच्या वेबसाइटवर आलं. लोरेटानं शशीताईंना कारलाइनमध्येच विचारलं, आम्हाला पुढं करून तू मागं का फिरलीस? सुनंदा तेव्हा तिथं होती. ती सांगते, शशीताई पुन्हा पुन्हा नाही, नाही, म्हणत राहिल्या आणि लोरेटा चालू लागली. ते एप्रिलचे दिवस होते. इथं एप्रिलमध्ये पाइनच्या झाडांचा पिवळा पराग पडतो, अंगण, गाड्या, सगळं हळद फासल्यासारखं होतं. दुसऱ्याच दुपारी मी त्या शाळेत शिकणाऱ्या नातीला घ्यायला कारलाइनमध्ये होतो. शशीताई येताना दिसल्या आणि मी काच वर केली. मीही. त्या थांबल्या. टिचकी मारली नाही. बोटानं काचेवरच्या परागात काहीतरी लिहिलं आणि निघून गेल्या. आतून अक्षरं उलटी दिसत होती. घरी आल्यावर सुनंदानं बाहेरून वाचलं. 'पुन्हा लिहा.' खाली शाळेतल्या वहीत असते तशी आडवी रेघ आणि सही. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी गाडी तशीच वळवून कार वॉशला घेऊन गेलो.

त्यानंतर दहा महिने. सुनंदा त्यांच्याकडे जात राहिली, मी गेलो नाही. शेवटची भेट जानेवारीत, भाजीच्या त्याच दुकानात. त्या वाळल्या होत्या, निखिलच्या हाताला धरून होत्या. मला वाटलं, तोंड फिरवतील. "काय जी भाऊ, लिहिलं का?" त्या म्हणाल्या. आवाजात रागही नव्हता, विद्यार्थी उशिरा का होईना वही देईल अशी खात्री होती. मी म्हणालो, "हो... बघतो." आणि कोथिंबीर निवडायला लागलो.

त्यांच्या अंत्यविधीला संस्थेनं पांढऱ्या फुलांचं चक्र पाठवलं. कार्डावर छापलं होतं, 'आमच्या शाळा-कुटुंबातील एका मौल्यवान सदस्येस'. ज्यांनी त्यांना फाटकाबाहेर काढलं, त्यांनी! निखिलनं ते बाहेर कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवलं. उसळून आलेला राग मला त्या दिवशी कुणावर काढावा कळेना, कारण ग्रेगला ती फुलं पाठवायची हिंमत माझ्या त्या एका ओळीनंच दिली होती.

गेल्या आठवड्यात मी राजीनामा दिला, ओळखपत्र पाकिटात घालून परत केलं. संचालक मंडळाला आणि राज्याच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. पहिला खर्डा सुनंदाला दाखवला. त्यात मी म्हटलं होतं, गैरसमजातून चुकीची नोंद झाली. तिनं चष्मा काढला. "कसला गैरसमज? तुम्हाला सगळं समजलं होतं." मी पुन्हा लिहिलं. आता त्यात आहे: ती नोंद मी केली, ती खोटी होती, शशिकला वैरागडे यांनी तक्रार कधीही मागे घेतली नाही, आणि ती खोली अजून चालू आहे. एक प्रत लोरेटाच्या घरी स्वतः नेऊन दिली. तिनं दारातच उभं राहून वाचली, घडी घातली आणि म्हणाली, "हे तिला वाचायला मिळायला हवं होतं." मला आत बोलावलं नाही. बरोबर केलं.

मंगळवारी संचालक मंडळाची सभा आहे. बोलणाऱ्यांच्या यादीत मी नाव दिलं आहे. कार्डं आता दुसरं कोणी धरेल. लाल दिसलं तरी मी बसणार नाही... पोरगी अजून खोलीतच आहे. बाहेर पुन्हा पराग पडतोय. सुनंदा म्हणाली, काच तरी पुसून घ्या, रस्ता दिसत नाही. समोरची पुसली. ड्रायव्हरच्या बाजूची तशीच ठेवली आहे. रोज सकाळी गाडीत बसायच्या आधी तिच्यापाशी थांबतो. पराग जाडसर बसलाय, बोट लावलं तर उमटेल असा. पण काच कोरी आहे.