माझ्या भावाला मारणारा

माझा धाकटा भाऊ आफ्रिकेत मेला. आपल्या सैन्याची एक तुकडी तिथं शांतिसेनेत गेली होती, त्यात तो होता. आमच्या कंधार गावच्या गल्लीत विमानात बसलेला पहिला माणूस तोच. फोनवर सांगायचा, "ताई, इथली लेकरं लई गोड हायत. क्रिकेट शिकव म्हणून मागं लागतात." एका दुपारी एका वस्तीला पाण्याचा टँकर पोचवताना झाडीतून त्यांच्यावर गोळ्या आल्या.

पेटी आली, सलामी झाली, सगळं गाव रडलं. मी रडले नाही. मला एवढंच कळायला हवं होतं, की मारलं कुणी?

ते सांगितलं त्याच्याच तुकडीतल्या रेणापूरच्या जवानानं. मी लातूरला शाळेत शिकवते. सुट्टीवर आल्यावर तो मुद्दाम माझ्या घरी आला.

"गोळ्या झाडणाऱ्या टोळीचा म्होरक्या घावला होता, ताई. पण तिथल्या सरकारशी तह झाला अन् सोडून दिलं त्याला. आता त्यांच्याच फौजेत मोठा साहेब हाय."

"फोटो हाय?"

तो नको नको म्हणत होता. शेवटी त्यानं मोबाईल पुढं केला. नवा कोरा गणवेश, खांद्यावर बिल्ले, तोंडभर हसू. तो फोटो मी मागून घेतला. आता रोज त्या माणसाची बातमी शोधते. गाडी उलटल्याची, त्याच्याच हाताखालच्या पोरांनी गोळी घातल्याची. अजून तरी आलेली नाही.

पहिल्या स्मृतिदिनाला कंधारच्या विहारात कार्यक्रम ठेवला होता. भन्तेजींनी शांतपणे समजावलं, वैर ठेवणाराच जळत राहतो. मग एक पुढारी उठले. म्हणाले, "आपला वीर आज असता, तर त्यानं मारणाऱ्यालाही माफ केलं असतं." आणि माईक माझ्या हातात दिला.

मी म्हणाले, "माझा भाऊ माफ करणारा नव्हता. कुणी त्याचा पतंग फाडला, तर हा त्याचे दोन फाडून यायचा. मीही माफ करणार नाही. तो माणूस मेला पाहिजे. आणि कशासाठी मरतोय, हे त्याला मरताना कळलं पाहिजे."

पुढाऱ्यांनी माईककडं हात नेला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई उठली. चारचौघांत ती कधी बोलत नाही.

"बोलू द्या तिला. माझ्याच मनातलं बोलायली ती."

भन्तेजींनी मान खाली घातली.

घरी परतताना आईनं विचारलं, "त्याला आई हाय का गं?"

मला वाटलं, आता ही विरघळणार.

"असल."

ती थोडं चालली.

"मग तिलाबी कळू दे."

कोपऱ्यावर गाडा उभा होता. आम्ही मेथी घेतली आणि घरी आलो.