पाऊण तासाचा डेक

मारुंजीतली ती खोली मी घेतली ती गच्चीसाठी. तीन मजली इमारत. खाली घरमालकांचं कुटुंब, वर आम्ही हिंजवडीत नोकऱ्या करणारे भाडेकरू, आणि सगळ्यात वर माझी एकटीची खोली. जिथे आधी भाताची खाचरं होती तिथे आता आमच्या गाड्या लागत. मी परभणीकडची, कंपनीत टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्याच्या कामात काय काय बिघडू शकतं, ते शोधायचा पगार घेते. नोकरीमुळे स्वभाव असा झाला की स्वभावामुळे ही नोकरी मिळाली, देव जाणे.

मला नाद एकच, कार्डांच्या खेळाचा. रमी-तीनपत्ती नव्हे. यात प्रत्येकाने आपल्याजवळच्या कार्डांतून साठ कार्डांचा डेक स्वतः जमवायचा आणि समोरच्याशी लढायचं. दोघांचे वीस-वीस जीव, ज्याचे आधी संपले तो हरला. दर टर्नला एनर्जीचं एक कार्ड मांडायचं, आणि एनर्जी जितकी जास्त तितकं मोठं कार्ड खेळता येतं. बावधनच्या एका दुकानात वर्षातून दोन-तीनदा स्पर्धा व्हायची आणि मी दर वेळी दुसऱ्या फेरीपर्यंत गार व्हायचे. माझा डेकच तसा होता. बरीच कार्डं जीव वाचवायची आणि उरलेली इतकी अवजड, की त्यांच्यापुरती एनर्जी जमेपर्यंत खेळ आटोपलेला असायचा.

वहिनी म्हणजे घरमालकांची सून. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, माहेर पौडच्या पलीकडचं, बारावीचा निकाल लागला त्याच वर्षी लग्न. ती कपडे वाळत घालायला गच्चीवर यायची. एका शनिवारी मी सतरंजीवर कार्डं मांडून स्वतःशीच खेळत बसले होते, तेव्हा ती बादली खाली ठेवून बघत उभी राहिली. पुढच्या शनिवारी समोर बसली. चौथ्या शनिवारी तिने मला हरवलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू.

तिला वेळ मिळायचा तो सासूबाई दुपारी आडव्या व्हायच्या तेवढाच. पाऊण तास. खालून हाक आली की हातातली कार्डं टाकून पळायचं. माझा संथ डेक घेऊन ती खेळायला बसली की एकही खेळ पुरा व्हायचा नाही, आणि अर्धवट खेळ सोडून जाताना तिचं तोंड बघवत नसे. मग एक दिवस तिनेच माझी कार्डांची खोकी उपसायला घेतली. म्हणाली, लवकर संपंल असा करू.

आणि केला तिने. एका एनर्जीत खेळता येतील असे बारके सैनिक खोक्याच्या तळाशी पडले होते, कुणी फुकट घेणार नाही असले. ते सगळे आत आले. अवजड कार्डं बाहेर. मग अवजड काही नाहीच तर एवढी एनर्जीची कार्डं कशाला, म्हणून त्यातलीही आठ बाहेर. हे तिचं तिला सुचलं. मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. जीव वाचवायची बारा कार्डं होती, त्यांना हात लावू नको म्हणून मी अडून बसले. तिने ती एकेक करून माझ्या मांडीवर ठेवली.

"हे कशाला ठिवलंय, ताई? जीव वाचवून वाट कुणाची बगायची?"

त्यांच्या जागी तिने लांबून आगीचा मारा करणारी कार्डं घातली. सैनिकांनी पहिल्या तीन-चार टर्नमध्ये समोरच्याला झोडपायचं, तो सावरून भिंत उभी करतो तोवर त्याचे चार-पाचच जीव उरलेले असतात, ते मग लांबूनच काढायचे. पाचव्या टर्नला कारभार आटोपला पाहिजे. आटोपायचाही. उन्हाळाभर ती मला पाऊण तासात तीन-तीनदा हरवायची आणि वर वाळलेले कपडे घड्या घालून खाली न्यायची. कार्डं माझी, डोकं सगळं तिचं.

श्रावणात बावधनला स्पर्धा लागली. तिला खेळायचं होतं. अनोळखी माणसासमोर बसायचं आणि त्याला हरवायचं, एवढंच तिला हवं होतं. ती तसं सरळ म्हणाली. घरात मात्र पत्ते म्हणजे जुगार. सासऱ्यांच्या चुलत्याने पत्ते कुटून दोन एकर घालवल्याची गोष्ट त्या घरात रोजच्या जेवणासारखी वाढली जायची. म्हणून आम्ही ठरवलं, माझ्या भाचीच्या बारशाला कपडे घ्यायला जातोय म्हणून सांगायचं. सुनेने विचारलं तर नाहीच म्हणतील, वरच्या मॅडमनी, म्हणजे मी, विचारलं तर नाही म्हणणार नाहीत. माझ्याकडे काम एका वाक्याचं होतं, तिच्या सासूबाईंना विचारायचं. काकू, उद्या वहिनींना सोबत नेऊ का?

शनिवारी संध्याकाळी खाली गेले. काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनीच विषय काढला, की पुढच्या महिन्यात तुमचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपतंय, तुम्हालाच पुढे ठेवायचं आमच्या मनात आहे. तुम्ही बऱ्या. आणि मग तांदळातून नजर वर न काढता म्हणाल्या, "आदी दुसऱ्या मजल्यावर एक पोरगी व्हती. आमच्या सुनंला गाडी शिकवाया निघाली. म्हटलं, तू आपली दुसरी खोली बग."

वहिनी चहा घेऊन आली. काकूंनी सहज विचारलं, उद्या सुट्टी, काय बेत?

"काही नाही काकू. बावधनला जाऊन येते. एकटीच."

'एकटीच' म्हणायला मला कुणी सांगितलं होतं? नुसतं जाऊन येते म्हटलं असतं तरी पुढे बोलायला जागा राहिली असती. पण मी शेपूट घातलं आणि वर दारालाही कडी लावून घेतली. वहिनीने कप माझ्यापुढे ठेवला, साखर बरोबर हाय का विचारलं, मी हो म्हटलं. वर जाताना दोरीवर तिचा निळा ड्रेस दिसला, इस्त्री करून हँगरला लावलेला.

मी न जाता राहिले असते तरी एक वेळ बरं. पण गेले, आणि तिचाच डेक घेऊन गेले. चार फेऱ्या ओळीने जिंकले. समोरची मुलं माना खाली घालून कार्डं गोळा करत होती. लवळ्याच्या होस्टेलवरून आलेला एक मुलगा डेक चाळून बघत म्हणाला, काय बेधडक बांधलाय, कुणी बांधला? मी म्हटलं, मीच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. पाचव्या फेरीत समोरच्याचे सहा जीव उरले असताना मी घाबरले आणि दोन सैनिक राखणीला मागे ठेवले. त्या एका टर्नमध्ये तो सावरला आणि मी हरले. माझ्यासारखीच हरले.

सोमवारी वहिनी कपडे घेऊन वर आली. रुसवा नाही, फुगवा नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. तिने फेरीफेरीने सगळं विचारून घेतलं. पाचवीचं ऐकून म्हणाली, थांबलात कशापायी? मग चिमटे लावता लावता, माझ्याकडे पाठ करून तिने विचारलं, की डेक कुणी बांधला ते तिथे कुणी विचारलं का.

"विचारलं ना. सांगितलं तुझं नाव."

ती वळली. इतकं खूश झालेलं मी तिला जिंकतानाही पाहिलं नव्हतं. "मग? काय म्हणाले?"

आता खोटं बोललं की पुढचं घडवावंच लागतं. म्हणाले, पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन या.

"कदी हाय पुडची?"

दिवाळीनंतर, मी म्हटलं. तिने बोटांवर महिने मोजले.

ॲग्रीमेंट मी पुन्हा केलं नाही. ज्या खोलीसाठी त्या दिवशी तोंड फिरवलं तीच महिन्याभरात सोडली, कारण गच्चीवर तिचे पाय वाजले की मला खोलीचं दार लावून घ्यावंसं वाटायला लागलं होतं. काकूंना ऑफिस लांब पडतं म्हणून सांगितलं. बावधनला जागा घेतली, जी ऑफिसपासून आणखी लांब. टेम्पोत खोकी चढवायला वहिनी खाली आली होती. कार्डांची खोकी तिने स्वतः उचलून नीट आत ठेवली आणि काकूंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "तारीख तेवढी कळवा, ताई. ह्या येळी मीच विचारीन घरी."

स्पर्धा झाली. मी खेळले, तिच्याच डेकने. तारीख मला तीन आठवडे आधी कळली होती.