मेंदीवर नीळ

बाबांचे केस मी रंगवायचे. दर तीन आठवड्यांनी, त्यांच्या सुट्टीला, मोरीच्या उंबऱ्यावर त्यांना बसवून. तेव्हा मी अकरावीत होते. या कामाचा मला भारी तोरा. शेजारणी कृती विचारायला आल्या की आधी भाव खायचे, मग सांगायचे.

ही वेळ का आली, तेही सांगते. सातपूरला बाबा ज्या कंपनीत कायम होते ती नव्वदचं दशक संपता संपता बंद पडली. मग ते दुसऱ्या कारखान्यात ठेकेदाराकडून लेथवर लागले. ठेकेदाराला पंचेचाळीसच्या वरचा माणूस नको होता आणि बाबांनी पन्नाशी ओलांडलेली. त्यांनी वय बेचाळीस सांगितलं. ठेकेदारानं कागद मागितला नाही, फक्त डोक्याकडे पाहिलं. डोकं काळंभोर होतं, कारण आदल्याच दिवशी दुकानातली रंगाची पुडी आणून त्यांनी थापली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिसऱ्या दिवशी कपाळभर पुरळ आलं, डोळे सुजून मिटले. डॉक्टर म्हणाले, पुन्हा हा रंग लावलात तर जिवावर बेतेल. ठेकेदाराला गांधीलमाशी चावल्याचं सांगून आम्ही निभावलं.

म्हणजे रंग हवा, पण तो रंग नको. आमच्या चाळीत एक काकू घरातच पार्लर चालवायच्या. त्यांनी आईला सांगितलं, "केसांचा रंग उपटून काढायचाच नाही. आहे त्याच्यावर हळूहळू दुसरा चढवायचा. आधी मेंदी, मग नीळ." ही नीळ कपड्यांची नव्हे, झाडाच्या पानांची. रविवार कारंजाजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात तिची हिरवी पूड मिळायची.

पहिल्या वेळी मला घाई. नुसत्या मेंदीनंच भागेल म्हणून मी नीळ लावलीच नाही आणि बाबांचं डोकं गाजराच्या किसासारखं झालं. दुपारभर ते टॉवेल गुंडाळून बसले. संध्याकाळी काकूंनी येऊन मला झापलं आणि नीळ स्वतः लावून दिली. तेव्हापासून मी शहाणी झाले. मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवायची, डोक्यावर दोन तास ठेवून नुसत्या पाण्यानं धुवायची. नीळ मात्र कोमट पाण्यात आयत्या वेळी कालवायची आणि भराभर लावायची. धुतल्यावर केस आधी हिरवट दिसतात, दुसऱ्या दिवशी काळे पडतात. बाबा बिचारे मान खाली घालून बसायचे, मी म्हणेन तिकडे डोकं वळवायचे.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग गावी, नामपूरकडे, आजोबा गेले. बाबा धाकटे, मोठे काका गावातच शेती करायचे. कुणाला काही न सांगता आम्ही रातोरात निघालो आणि दहा दिवस तिकडेच होतो. सुतकात कसली मेंदी नि कसली नीळ, बाबांच्या भांगात पांढरे केस डोकावायला लागले. दहाव्याला मुलांनी डोकं भादरायचं, हे मला ठाऊक होतं. नवव्या दिवशी मी बाबांना गोठ्यामागे गाठलं.

"बाबा, केस काढू नका. टकलावर रंग कसा लावू? पांढरे खुंट दिसले की ठेकेदार त्याच दिवशी घरी पाठवेल."

त्यांनी भांगावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "बरं."

मी सोळा-सतरा वर्षांची कार्टी, आणि त्यांनी माझं ऐकलं. याचा राग मला आजही येतो, त्यांचाही आणि माझाही.

मोसम नदीच्या काठी काकांचं डोकं झालं. न्हाव्यानं बाबांना पुढे बोलावलं. बाबा उभ्यानंच म्हणाले, "मी नाही काढत." सगळे बघायला लागले. काका म्हणाले, "बाप काय दोनदा मरस का रे?" बाबा जागचे हलले नाहीत. शेवटी न्हाव्यालाच दया आली असावी. त्यानं कानावरची एक बट कापून बाबांच्या हातात ठेवली. टोकाला काळी, मुळाशी पांढरी. ती सगळ्यांनी पाहिली. काका त्यानंतर बाबांशी बोलले नाहीत, आणि आम्ही तेराव्याला थांबलो नाही.

घरी आल्या आल्या मी मेंदी भिजवली. कामावर गेल्यावर बाबांनी सुट्टीचं कारण सांगितलं, भावाकडचं लग्न. वडील गेले म्हणून सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग डोक्यावर केस कसे? चाळीतही आम्ही तेच सांगितलं, कारण सातपूरमध्ये गोष्ट फिरायला वेळ लागत नाही. चाळीतल्या बायकांनी लग्नातल्या जेवणाची चौकशी केली आणि आईनं बेत सांगितला. मी तिथेच उभी होते.

दोन महिन्यांनी ठेकेदाराचं काम कंपनीनं काढून घेतलं. म्हातारे, तरणे, सगळे एका दिवसात घरी. वय कुणी विचारलं नाही, डोकंही कुणी पाहिलं नाही. बाबा भर दुपारी आले, डबा ओट्यावर ठेवला, काय झालं ते आईला दोन वाक्यांत सांगितलं आणि पुन्हा बाहेर पडले. तासाभरानं परतले ते डोकं तुळतुळीत करून. मिशीसुद्धा ठेवली नव्हती.

माझं तोंड फटकळ. मी म्हणाले, "आता काय उपयोग? उद्या दुसरीकडे काम मागायला असेच जाणार का?"

बाबा भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "अगं, माझे वडील गेलेत." आणि मग ते रडायला लागले, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असे.

आईनं मला मागे ओढलं. कोपऱ्यातली सतरंजी काढून तिनं मधल्या खोलीत अंथरली, भेटायला येणाऱ्यांसाठी अंथरतात तशी. दारही उघडं ठेवलं. पण कोण येणार होतं? आम्ही तर सगळ्यांना लग्न सांगितलं होतं.