विहाराच्या वरची खोली

मागच्या महिन्यात एका पुरवणीसाठी मला छोटासा लेख लिहायचा होता. नागपुरात आलेल्या पाहुण्यानं कोणती संग्रहालयं आवर्जून पाहावीत, असा विषय. नावं मला पाठ होती, पण वेळा, सुटीचे वार, सीताबर्डीचा किल्ला सामान्य माणसाला वर्षातून कधी कधी बघता येतो, हे सगळं एकदा पक्कं करून घ्यावं म्हणून मी नेहमीप्रमाणे आनंद गणवीरांना फोन लावला. फोन त्यांच्या सुनेनं उचलला. बाबांना द्या म्हटलं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्हाले कळलं नाही का? बाबा परवा गेले." सकाळी चहा पिऊन उठले, चप्पल घालायला म्हणून ओट्यावर बसले आणि बसल्या जागीच मान टाकली, एवढंच तिनं सांगितलं. मी हातात पेन घेऊन तशीच बसून राहिले. समोरच्या कागदावर मी "सोमवारी बंद" असं लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं...

तो लेख मी लिहिला नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे.

गणवीर शहरातल्या एका जुन्या संग्रहालयात दालन-सेवक होते. कोणी काचेला हात लावू नये, मुलांनी धावू नये, वेळ झाली की दिवे घालवावेत, हे त्यांचं काम. माहिती सांगणं हे त्यांचं काम नव्हतं. मी महाल या शहराच्या जुन्या भागातल्या एका शाळेत इतिहास शिकवायची आणि दर हिवाळ्यात आठवीच्या वर्गाला तिथे घेऊन जायची. तीस-एक वर्षांपूर्वीच्या अशाच एका सहलीत माझी मुलं नेहमीप्रमाणे शस्त्रांच्या दालनाकडे धावली. तलवारी, ढाली, ठासणीच्या बंदुका. गोंड राजे, भोसले, सीताबर्डीच्या टेकडीवरची लढाई, मग इंग्रज, हे सगळं मी त्यांना भराभरा सांगत होते. माझं बोलून झाल्यावर कोपऱ्यात उभा असलेला खाकी कपड्यांतला माणूस पुढे आला आणि विचारू का म्हणाला. त्यानं मुलांना एकच प्रश्न विचारला. ही तलवार राजानं धरली हे बाईंनी सांगितलं, पण तिला धार कोण लावत असेल? आणि ही तोफ टेकडीवर कोणी ओढत नेली असेल? मुलं एकमेकांकडे बघू लागली. मीही बघू लागले. दहा वर्षं तो धडा शिकवत होते, पण तोफ स्वतःच्या पायांनी टेकडी चढत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानंतर सहलीची तारीख ठरवताना गणवीरांची साप्ताहिक सुटी कधी आहे, हे मी आधी विचारू लागले. पुढे ओळख वाढली. माझ्याकडे कोणी बाहेरगावचं आलं की गणवीर सुटीच्या दिवशी त्यांना शहर दाखवायला यायचे. त्यांचा क्रम ठरलेला असे. आधी जुनं संग्रहालय, मग आमच्या महालातल्या गल्ल्या, मग सीताबर्डीवर चहा, आणि तिथून वर किल्ल्याकडे बोट दाखवून लढाईची हकीकत. दगडी शिल्पांपुढे ते फार थांबत नसत. एखाद्या घासून गुळगुळीत झालेल्या जात्यापुढे मात्र पाच-पाच मिनिटं उभे राहत. आपल्या शहरानं एवढी राज्यं बदललेली पाहिली, पण काचेमागे फक्त राज्य करणारेच बसले, असं ते म्हणायचे. त्यात तक्रार नसायची. पाऊस कमी झाला म्हणावं, तसं म्हणायचे.

एकदा त्यांनी मला विचारलं, छप्पन साली दीक्षा झाली तेव्हा तुमच्या घरी काय बोलणं झालं होतं? माझा जन्म त्यानंतरचा. पण वडील एकदा ओझरतं बोलले होते, की त्या दिवसांत रस्त्यानं पांढऱ्या कपड्यांतली माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालत होती, संपतच नव्हती. त्यापलीकडे आमच्या घरी कोणी कधीच काही बोललं नाही. मी इतिहासाची शिक्षिका, आणि मीही कधी विचारलं नाही. मी त्यांना तसं सांगितलं. सांगताना मला लाज वाटली. ते म्हणाले, "मग तेच लिहून द्या ना, मॅडम. कोणी बोललं नाही, हेही कोणीतरी लिहून ठेवलं पाहिजे." मी हो म्हटलं आणि कित्येक वर्षं लिहिलं नाही.

त्यांची स्वतःची हकीकत मला हळूहळू कळली. त्यांचे आईवडील उमरेडकडच्या एका खेड्यातले. दीक्षेसाठी पांढरं वस्त्र हवं, आणि घरात पांढरं काही नाही. तेव्हा त्यांच्या आईनं, जनाबाईंनी, आपलं रोजचं निळसर लुगडं सोडा घालून दोन दिवस उकळलं. रंग बराचसा गेला, काठाशी मात्र निळी झाक राहिली ती राहिलीच. ते नेसून त्या चालत नागपूरला आल्या. बरोबर नवरा, सहा वर्षांची मुलगी सुशीला, आणि पोटात आनंद. "मी पण होतो तिथं," गणवीर हसून म्हणायचे, "पण मले काही दिसलं नाही."

जनाबाईंनी ते लुगडं पुन्हा कधी नेसलं नाही. ट्रंकेत तळाशी ठेवलं, आणि म्हातारपणी लेकाला आणि लेकीला समोर बसवून सांगितलं, "मले याच लुगड्यात नेजा." दोघांनी हो म्हटलं.

यानंतर जे झालं ते गणवीरांनी मला एका दुपारी संग्रहालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं. आई अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी एक दिवस ट्रंक उघडली आणि लुगडं काढून कामावरच्या एका मित्राच्या घरी ठेवून आले. का, तर त्यांना ते जळू द्यायचं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी राजांच्या पागोट्यांवरची धूळ झटकली होती, आणि आपल्या माणसांच्या अंगावरचं एक सूतही कुठे शिल्लक नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आई गेली. सुशीलाताईंनी ट्रंक उघडली. लुगडं नाही. घर पालथं घातलं, शेजारी विचारलं, आणि बाहेर लोक खोळंबलेले. गणवीर भिंतीला टेकून उभे होते. शेवटी बाजारातून आणलेल्या नव्या पांढऱ्या कपड्यात जनाबाईंना नेलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बहिणीला खरं सांगितलं. ती उठली, पिशवी भरली, आणि आपल्या घरी निघून गेली. ती पुढची नऊ वर्षं भावाशी बोलली नाही.

मी त्यांना त्या दुपारी म्हटलं होतं, की तुम्ही केलं ते बरोबरच केलं, अशी वस्तू जपायलाच हवी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वस्तू बराबर आहे, मॅडम," ते म्हणाले. "पण मी आईले हो म्हटलं होतं."

निवृत्त झाल्यावर त्यांनी जरीपटका भागाच्या पलीकडे, त्यांच्या वस्तीतल्या विहाराच्या वरची एक खोली मागून घेतली. आधी तिथे मोडक्या खुर्च्या आणि मंडपाचं सामान होतं. खोली झाडून त्यांनी चुना मारला, एका सुताराकडून काचेच्या चार पेट्या करून घेतल्या आणि घरोघरी फिरून वस्तू मागितल्या. गिरणीत जाणाऱ्या एका आजोबांचा डबा आला. कोणाची पाटी आली. विटाळ नको म्हणून वरून पाणी ओतायचं एक लांब दांड्याचं पातेलं आलं, ज्याच्या मालकाला ते घरात ठेवायचंही नव्हतं आणि फेकायचंही नव्हतं. चौथी पेटी बरेच दिवस रिकामी होती. मग एकदा मी गेले तेव्हा तिच्यात ते लुगडं होतं. खाली त्यांच्या गोल अक्षरातली चिठ्ठी : "दीक्षेच्या वेळी नेसलेले लुगडे. नेसणार जनाबाई गणवीर. पदराकडील भाग फाटलेला. भेट : आनंद गणवीर." त्या दिवशी मी घरी येऊन माझ्या चार ओळी लिहिल्या. आमच्या घरी याबद्दल कोणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही, एवढ्याच. त्या अजून तिथल्या भिंतीवर आहेत. वाचणारे लोक खालचं माझं आडनाव वाचतात, महाल वाचतात, आणि कधी कधी माझ्याकडे वळून बघतात.

सुशीलाताई आल्या तेव्हा मी तिथेच होते. रविवारची दुपार होती. जिना चढून एक उंच, सडपातळ बाई आल्या, हातात छत्री, कोणाकडे न बघता सरळ चौथ्या पेटीपाशी गेल्या. गणवीर खुर्चीवरून उठले आणि उठून तसेच उभे राहिले. मला कोणी ओळख करून दिली नाही, पण दोघांचं कपाळ सारखं होतं. ताईंनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. मग पहिल्यांदा भावाकडे बघून म्हणाल्या,

"काहून गा, फाटलेला काहून लिहिलं?"

गणवीर म्हणाले की दीड हात कमी भरतं, मोजलं आहे, जीर्ण होऊन गेलं असेल.

"फाटलं नाही ते. फाडलं. रस्त्यात आईनं दातानं धरून फाडलं आन् मले गुंडाळलं. माह्या अंगावर रंगीत झगा होता. मले पांढरं पाहिजे म्हणून मी रडून राहिली होती." त्या काचेकडे बघतच बोलत होत्या. "तू होता का तिथं?"

"पोटात होतो," गणवीर म्हणाले.

त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. सुशीलाताई बाकावर बसल्या आणि सगळं सांगू लागल्या. कुठे मुक्काम केला, कोणी भाकरी दिली, गर्दीत तो दीड हाताचा तुकडा कसा निसटला आणि त्यासाठी आपण किती रडलो. गणवीर खाली जमिनीवर बसून ऐकत होते. साठी उलटलेला माणूस, बहिणीच्या पायाशी मांडी घालून. एवढी वर्षं त्यांनी जपलेल्या वस्तूची खरी हकीकत जिला ठाऊक होती, तिलाच त्यांनी गमावलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसतही नव्हते. ताई उठताना म्हणाल्या, "तू आईले फसवलं ते फसवलंच, आनंदा. ते काही मी इसरणार नाही." आणि जिना उतरून गेल्या.

पुढच्या रविवारी त्या परत आल्या. तोवर चिठ्ठी बदलली होती. "फाटलेला" च्या जागी "मुलीला नेसवण्यासाठी फाडलेला" असं आलं होतं, आणि शेवटची ओळ होती, "सुशीलाबाई यांच्याकडून काही काळासाठी." लुगडं तुझं, पाहिजे त्या दिवशी घेऊन जा, असा त्याचा अर्थ त्यांनी बहिणीला समजावून सांगितला, आणि पेटीची किल्ली तिच्या हातात दिली. ताईंनी किल्ली कमरेला खोचली. लुगडं नेलं नाही. पण त्या दिवसापासून जवळजवळ प्रत्येक रविवारी त्या बाकावर बसू लागल्या, आणि येणाऱ्या मुलांना भावाच्या आधी त्याच सांगू लागल्या. दोघं एकमेकांशी फार बोलत असं नाही. चहा मात्र एकाच थर्मासमधून घेत.

मागच्या रविवारी मी तिकडे गेले. खोली उघडी होती, ताई एकट्याच होत्या. म्हणाल्या, बरं झालं आल्या, आज लुगड्याची घडी बदलायची आहे, एकटीनं होत नाही. दर दोन महिन्यांनी ते लुगडं बाहेर काढून नव्या जागी दुमडावं लागतं, नाहीतर घडीवरच सूत तुटतं. हे काम ती दोघं बहीणभाऊ मिळून करायची, हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी मला हात धुवायला लावले, बांगड्या काढायला लावल्या. मग एक टोक माझ्याकडे दिलं. एवढं हलकं असेल असं वाटलं नव्हतं... मधे कुठे कुठे सूत इतकं विरळ झालं होतं की पलीकडच्या ताई दिसत होत्या.

घडी घालता घालता मला विचारावंसं वाटलं, पण धीर होईना. त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, दिवाळीतच मी पोरांले सांगून ठेवलं. मी गेल्यावर मले कशातही न्या, हे मात्र इथंच राहू द्या. अन् हो म्हणून मंग दुसरं करू नका, हेही सांगितलं.

"गणवीरांना सांगितलं होतं?" मी विचारलं.

त्यांनी लुगडं पेटीत ठेवलं, काठ सरळ केला आणि काच लावून घेतली.

"त्याले सांगायचं राहून गेलं," त्या म्हणाल्या. "रोज वाटे, या रविवारी सांगीन."

खाली विहारात मुलांचा आवाज आला. कुठल्याशा शाळेची सहल होती. ताईंनी चष्मा पुसला, बाकावर आपल्या कडेच्या जागी जाऊन बसल्या आणि शेजारची जागा हातानं झाडून मला म्हणाल्या, "बसा मॅडम, लेकरं येऊन राहिले."