बोडकं डोकं

आबांनी टोपी सोडली, तेव्हा मी त्यांच्यावर चिडले. पाचोऱ्याला माझ्या पुतणीच्या हळदीला माझे वडील बोडक्या डोक्यानं येऊन बसले. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाची टोपी उतरते ती घरात कोणी गेलं तरच. बायका सरकून विचारू लागल्या, "काय व्हयनं वं घरमा?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टोपी डोकाले लागस वं माय," आबा म्हणाले.

कापडाची टोपी कशी लागेल? मी शाळेत शिकवते, सबबी ऐकून कान किटलेत. मी त्यांच्या पिशवीतून टोपी काढली आणि चारचौघांत त्यांच्या डोक्यावर बसवली. जेवताना आबा बट्टी चावता चावता मध्येच थांबायचे, जबडा धरायचे. मी दाताचंच दुखणं ठरवून टाकलं. पुढच्या आठवड्यात जळगावला नेऊन दाढ काढून आणली, कानशिलाला बाम चोळला आणि सुटले, असं समजले.

तीन आठवड्यांनी सकाळी आबा चहाचा कप ठेवायला गेले आणि तो टेबलाच्या बाहेर सोडला. उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. उन्हानं रापलेल्या चेहऱ्यावर टोपीखालची पट्टी तेवढी उजळ होती.

"आबा, टोपी कधीपासून नाही घालत?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही त्यांना विचारलं नव्हतं. बाईंनी कानशिलावर बोट ठेवताच आबा कळवळले. तिथली रक्तवाहिनी सुजली होती. डोकं, टाळू, जबडा, सगळं त्या एकाच आजारानं दुखत होतं, आणि तोच डोळ्यापर्यंत पोचला होता. रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता त्यांनी स्टेरॉइडची सलाईन लावली. डावा डोळा वाचला.

बाहेर व्हरांड्यात मी विचारलं, "महिनाभर आधी आणलं असतं तर?"

"बहुतेक दोन्ही वाचले असते," त्या हळूच म्हणाल्या.

आता घरी कोणी भेटायला आलं की आबा माझा हात धरून, डाव्या डोळ्याकडे बोट करून सांगतात, "मनी पोर व्हती म्हनीसन हाऊ डोया वाचना." लोक माझं कौतुक करतात. व्हरांड्यातलं बोलणं मी आबांना अजून सांगितलेलं नाही. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसते, तिथून त्यांना माझा चेहरा दिसत नाही.