पुंजाजीच्या शेमल्याची गाठ

तुळशीराम गेल्याचं पत्र आलं, तेव्हा मी अमरावतीच्या आमच्या छापखान्यात प्रुफं तपासत होतो. त्याच्या बायकोनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या दोन ओळी. सहा वर्षं ज्याच्याकडे जायचं पुढं ढकललं, तो आता कुठं भेटणार होता...

शेंदूरजनाघाटच्या माळ्याचा पोरगा तो. शाळेत आम्ही एका बाकावर. पुढं मी साप्ताहिक काढलं आणि त्यानं त्यात चित्रमाला सुरू केली. नायक पुंजाजी, टोपलीभर वांगी घेऊन बाजारोबाजार हिंडणारा. डोक्याला पटका, खांद्यावर लोंबता शेमला. कुणी शब्द दिला की पुंजाजी शेमल्याला गाठ मारायचा आणि शब्द पुरा होईस्तोवर सोडायचा नाही. मालेच्या माथ्यावरचा लाकडी ठसा तुळशीरामनं स्वतः कोरलेला, त्यातही पुंजाजी गाठच मारत होता. अकोल्याच्या बाजारात माळणी गिऱ्हाइकाला बजावत, "उद्या नक्की या बाप्पा, पुंजाजीवानी गाठ मारून ठेवतो!" मध्यप्रांताच्या दरबारात वऱ्हाड म्हणजे शेपूट, पुण्याला आमच्या बोलण्याचं हसू. पुंजाजीत मात्र आमच्या माणसाला आपलंच तोंड दिसायचं.

मग माझी अक्कल चरायला गेली. पुण्याचा एक विक्रेता म्हणाला, "तुमचा तो गावंढळ जरा सुधारा, टोपी घाला. अंक इकडेही खपेल." तुळशीराम गावी होता. मी सुताराला बसवून ठशावरचा शेमला खरवडून घेतला, पटक्याची टोपी करवली. लाकडातलं एकदा गेलं की परत येत नाही, हे मला छापखानेवाल्याला कळू नये!

तुळशीराम आला. ठशावरून अंगठा फिरवत राहिला.

"कावून केलं बापू असं?"

"अरे, टोपीच तर आहे!"

"टोपीचं काई नाई गा... आता हा गाठ कुठी मारन?"

ठसा दुपट्ट्यात गुंडाळून तो निघाला. मी खुर्चीतूनच ओरडलो, "दिवाळीला येतो रे तुझ्याकडे, बोलू निवांत." गेलो नाही. पुण्यात अंक खपला नाही, ही लाज. माफीची पत्रं लिहिली अन् फाडली, हा ताठा. सहा दिवाळ्या गेल्या.

गेलो तो तेराव्याला. वहिनींनी तोच दुपट्टा माझ्यापुढं ठेवला. आत ठसा. टोपीचा भाग कोरून काढून तुळशीरामनं तिथं नवं लाकूड बसवलं होतं. पटका परत आला होता, शेमलाही. फक्त आता पुंजाजी गाठ मारत नव्हता. गाठ मारून झाली होती, पक्की.

"ही कशाची गाठ, वहिनी?"

"तुमी म्हनले होते नं भाऊजी, दिवाळीले येतो म्हून."

मला रडू आवरलं नाही.

या मजकुराशेजारी छापला आहे तो हाच ठसा. जुन्या-नव्या लाकडाच्या सांध्याची पांढरी रेघ पुंजाजीच्या कपाळावर उमटते. सुतार म्हणाला, बुजवून देतो. मी त्याला ठशाला हात लावू दिला नाही.