रोम, तुरीन, व्हिएन्ना, प्राग: पाठीवर बॅग आणि बरोबर आई

मी रोह्याच्या शाळेत भूगोल शिकवते. वीसेक वर्षं फळ्यावर आल्प्स काढतेय, आणि प्रत्यक्षात मी नागोठण्याची खिंड सोडून फारसं काही ओलांडलेलं नव्हतं. गेल्या दिवाळीत ठरवलं, की मे महिन्याच्या सुट्टीत युरोपला जायचं. टूर कंपनीबरोबर नाही. पाठीवर बॅग टाकून, हॉस्टेलात राहून, आणि आईला घेऊन. नवरा मिलिंद धाटावला कारखान्यात शिफ्टमध्ये असतो, त्याला एवढी रजा मिळणार नव्हती. तो म्हणाला, "आई आणि हॉस्टेल? मला फोटो पाठव."

आईलाच का, तेही सांगून टाकते. बाबा गेल्यापासून ती जित्याजवळच्या आमच्या गावात एकटी राहते आणि भातशेती एकटीने ओढते. मला ती कायमची रोह्याला, आमच्या फ्लॅटवर हवी होती. एकदा जग बघून आली की चार खाचरांतून तिचं मन निघेल, असा माझा होरा. मी विषय काढला तेव्हा ती म्हणाली होती, "आल्याव बघू." मी ते 'हो' धरून चालले आणि आतली खोली तिच्यासाठी रंगवून घेतली.

तिची अट एकच होती. "मिरगाच्या आदी परत आलं पायजे." मला ते सोयीचंच होतं. मे महिन्यात तिकडे खरी गर्दी सुरू झालेली नसते, हॉस्टेलं स्वस्त मिळतात. विमानाचं तिकीट मी जानेवारीत काढलं. व्हिसा ज्या देशात जास्त मुक्काम त्या देशाकडे मागायचा असतो, म्हणून आमचा इटलीचा. अर्ज भरताना एजंटने आईच्या नावापुढे 'गृहिणी' लिहिलं. आईने ते वाचायला लावलं आणि म्हणाली, "खोड ते. मी शेती करते." एजंट म्हणाला, सगळ्यांचं असंच लिहितात. ती खुर्चीवरून हलेना. शेवटी खोडलं.

खाण्याचं म्हणाल तर पेणचे पोहे, मेतकूट आणि लोणचं नेलं. हॉस्टेलात स्वयंपाकघर असतं, आपली भांडी आपण घासायची. आईने गुपचूप सुकटही भरली होती. खोलीत आणखी सहा माणसं झोपणार आहेत, त्यांचा विचार करून मी ती काढून ठेवली. दोन दिवस ती माझ्याशी तुटक बोलत होती.

रोमला स्टेशनातून बाहेर पडलो आणि आईने पाठीवरची बॅग काढली. पट्टे खांद्याला काचतात म्हणाली. माझी ओढणी गुंडाळून चुंबळ केली, बॅग डोक्यावर घेतली आणि हात मोकळे सोडून चालू लागली. मी चारदा म्हटलं, "आई, लोक बघतात." ती म्हणाली, "बघूंदेत. तू आपली वाकून चाल." पुढे चारही शहरांत तिने बॅग अशीच नेली. लोकांनी फोटो काढले. तिसऱ्या दिवशी मीही काढला. रोमबद्दल कामाचं एवढंच सांगते: रस्त्यातल्या नळांचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली विकत घेऊ नका, आणि हॉस्टेलच्या लॉकरला कुलूप आपलं न्या. आईला तिथली देवळं आवडली, चीज अजिबात नाही, आणि दुमजली खाटेला तिने 'माळा' नाव ठेवलं.

तुरीन का, असं विचाराल. मिलानपेक्षा स्वस्त पडत होतं, एवढंच. पण व्हिएन्नाची रात्रीची गाडी धरायला तुरीनहून मिलानला जाताना साध्या गाडीने गेलो ते बरं झालं. आई खिडकीशी बसली होती. अचानक माझा दंड धरून म्हणाली, "गो, ही तर खाचरां! थांबव गाडी!"

"आई, ही काय एसटी हाय?"

पण खरंच ती भातखाचरं होती. बांध घातलेली, पाण्याने भरलेली, थेट दूरच्या डोंगरांपर्यंत. भूगोलाच्या बाईला इटलीत भात पिकतो हे ठाऊक असतं. माझ्या प्लॅनमध्ये मात्र ते नव्हतं. पुढचं स्टेशन वेर्चेल्ली आलं तशी आई उठून दाराशी जाऊन उभी राहिली, मग मीही उतरले. या गाड्यांना आरक्षण नसतं, पुढचं तिकीट नवीन काढलं की झालं. गावाबाहेर बरंच चालावं लागलं.

एका बांधावर गमबूट घातलेले एक आजोबा फळी वर करून पाणी सोडत होते. आईने बॅग खाली ठेवली आणि हातवारे करून विचारलं, लावणी कशी? त्यांनी हवेत मूठ फेकून दाखवली: बी थेट पाण्यात टाकतात, लावणी नाहीच. आईला ते फारसं पटलं नाही. सगळीकडे नजर फिरवून ती मला म्हणाली, "येवढी शेतां, नि मानूस येकच. इचार त्यांना, पोरंबाळं नाय?"

मी मोबाइलवर भाषांतर करून विचारलं. आजोबा बराच वेळ बोलले. पडद्यावर मराठी उमटलं: मुलगा मिलानमध्ये आहे. तो मला राहायला बोलावतो. मी नाताळात जातो. तिथे सकाळी उठून मी काय बघू?

दुसरंच काहीतरी सांगावं असं क्षणभर मनात आलं. मग जसंच्या तसं वाचून दाखवलं. आईने मान डोलावली आणि आजोबांना हात जोडले. मग बॅग डोक्यावर घेऊन माझ्यापुढे स्टेशनाकडे चालू लागली, आणि मला धास्ती वाटली.

व्हिएन्नाला ट्रामचा दिवसभराचा पास काढा, पायपीट वाचते. रविवारी दुकानं बंद असतात, किराणा शनिवारीच भरा. प्रागचे रस्ते दगडी, चाकांच्या बॅगांचे तिथे हाल होतात, आमची एक पाठीवर नि एक डोक्यावर असल्याने आमचं काही अडलं नाही. आई दोन्हीकडे खुशीत होती. नदीकाठी बसून तिने आइसक्रीम खाल्लं, पुलावर वाजवणाऱ्याला नाणं टाकलं. मला वाटलं, वेर्चेल्ली विसरली.

मुंबईला उतरून आम्ही पनवेलहून रोह्याची गाडी धरली. आपटा गेलं तशी आई उठली.

"आई, रोहा लांब हाय अजून."

"माजं जितं आलं."

"अगं, खोली रंगवलीय तुझ्यासाठी."

"रंग चांगलाच आसंल गो. दिवाळीला येते बघाया. भात घरात आलं की." तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "लय दाखवलंस मला. पन राब वाट बघतोय, रोपाचं बी पेराया हवं." आणि उतरली. गाडी तिथे फार थांबत नाही.

हमरापूरपर्यंत मला राग होता. पेणला रडू आलं, समोरच्या बाईने पाणी दिलं. नागोठणं गेल्यावर मी स्वतःला विचारलं, की तिने कधी 'हो' म्हटलं होतं का. नव्हतं म्हटलं.

रोह्याला मिलिंद स्टेशनवर आला होता. मला एकटीला बघून म्हणाला, "आई कुठायत? कधी येणार?"

"दिवाळीला," मी म्हटलं. "तोवर आपण जायचं."

तेव्हा त्याही प्रवासाची माहिती देऊन ठेवते. रोहा ते जिते: तिकीट खिडकीवर मिळतं, व्हिसा लागत नाही, मुक्कामाची सोय फुकट. चपला बांधावर काढून ठेवाव्या लागतात. जायला उत्तम काळ जुलै. लावणीला माणसं कमी पडतात.